गायरानाचं खरेदीखत



माझा एक पुतण्या अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. थोरल्या भावाचा मुलगा. नोकरी कॉम्प्युटरची, पण मन अजून अकलूजच्या दावणीलाच बांधलेलं. आठवड्यातून एकदा फोन करतो आणि आईची तब्येत विचारून झाली की लगेच पाऊस आणि गुरं यांच्यावर येतो. मागच्या पावसाळ्यात त्याचा असाच फोन आला. म्हणाला, ''चाचा, इथं एक गुरांचं रान विकायला निघालंय. जाहिरात वाचून दाखवतो, ऐका.''

तो वाचत गेला आणि मी ऐकत गेलो. काही हजार एकर कुरण. त्यावर चरणाऱ्या गायी, त्यांचे वळू, वासरं. तळी, विहिरी, पवनचक्क्या. गुराख्यांच्या खोल्या. मैलोनमैल तारेचं कुंपण. आणि सगळ्यांत शेवटी, जेवणानंतर पान द्यावं तशी, शिकारीची जमीन! त्यात हरणं आहेत, रानडुकरं आहेत, टर्की नावाचा मोठा पक्षी आहे. चालू धंदा विकायचा होता. म्हणजे गायी चरत असतानाच मालक बदलणार, आणि गायींना त्याचा पत्ताही लागणार नाही.

वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, ''चाचा, आपल्याकडं असं कधी होतं का?''

मी म्हटलं, ''नव्हतं बाबा.'' फोन ठेवला. पण रात्री झोप येईना. कारण मी पोराला अर्धवट उत्तर दिलं होतं. आपल्याकडंही होतं. फक्त ते विकायला कधी निघालं नाही. आणि विकायला न निघताच गेलं कुठं, याचा हिशेब मी आजपर्यंत मांडला नव्हता. तो आज तुमच्यासमोर मांडावा म्हणतो.

आधी तिकडचा हिशेब. टेक्सासमध्ये वॅगनर नावाचं एक रान आहे. एकाच कुंपणातलं अमेरिकेतलं सगळ्यांत मोठं, असं त्याचं नाव. सुमारे 5 लाख 35 हजार एकर. आपला सोलापूर जिल्हा डोळ्यांसमोर आणा आणि त्याचे सात भाग करा. त्यातला एक भाग एका घराण्याच्या मालकीचा. वारसांत भांडण लागलं, ते दोन दशकांहून जास्त कोर्टात चाललं आणि अखेर 2014 साली ते रान साडेबहात्तर कोटी डॉलरला विकायला काढलं. भाऊबंदकी ही काही आपलीच मक्तेदारी नाही, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. 2016 साली स्टॅन क्रोएंके नावाच्या उद्योगपतीनं ते घेतलं. इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा मालक तो हाच.

मी पाठीमागच्या कागदावर भागाकार केला. मागितलेली किंमत धरली तर एकरी साधारण साडेतेराशे डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावानं ऐंशी-ब्याऐंशी हजार रुपये. तेवढ्यात आमच्याकडं रस्त्याकडेचा एक गुंठाही येत नाही. दुसरा हिशेब कमाल धारणेचा केला. आपल्या राज्यात 1961 चा सिलिंगचा कायदा आहे. 1975 च्या दुरुस्तीनंतर एका कुटुंबाला कोरडवाहू जमीन जास्तीत जास्त 54 एकर ठेवता येते, बारमाही बागायत 18 एकर. या मापानं ते एक रान आपल्याकडं ठेवायचं तर जवळजवळ दहा हजार कुटुंबांच्या नावावर करावं लागेल! शिवाय शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं, ही अट वेगळीच. फुटबॉल क्लबवाल्यांना आमचे तलाठी भाऊसाहेब पहिल्या पायरीवरूनच परत पाठवतील.

तर मालकीचं रान आपल्याकडं नव्हतं. पण गुरं होती, आणि साधीसुधी नव्हती.

आमचं घराणं मुलाण्याचं. गावच्या यात्रेजत्रेत मुलाण्याचं काम काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पण त्यावर वर्षभर पोट भरत नाही, म्हणून माझे आजोबा हेडी झाले. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा, आटपाडी, म्हसवड, सांगोला इथले बाजार त्यांनी पायी तुडवले. तिकडून खिलार खोंडं घ्यायची, आठ-दहा जणांचा कळप करून चालवत आणायची आणि नीरेच्या काठाला विकायची. पांढरी, तलवारीसारखी मागं वळलेल्या शिंगांची, कातडीला हात लावला की थरकणारी जनावरं. आजोबा म्हणायचे, ''खिलार दूध देत न्हाई, चाल देतंय.''

या धंद्यामागचं गणित मला फार उशिरा कळलं. माणदेश कोरडा. तिथं पिकाचा भरवसा नाही, पण माळ अफाट. पहिल्या पावसानंतर त्यावर कुसळी, पवना, मारवेल असं गवत येई. या माळाला मालक नसे. असलाच तर 'सरकार' किंवा 'गाव'. गायरान, पड, डोंगरउतार, सगळं मिळून गावाचं. तिथं गाय फुकट चरे, दोन-तीन वर्षांत खोंड तयार होई आणि तो बाजारात विकून घरात वर्षाचा पैसा येई. इकडं आमच्या बाजूला भाटघरच्या धरणाचं पाणी नीरेच्या उजव्या कालव्यातून आलेलं. 1932 साली माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी साखर कारखाना काढला, ऊस वाढला, नांगराला आणि ऊसगाडीला बैल पाहिजे झाले. पाणीवाल्यांकडं बैल पैदा करायला माळ नव्हता, माळवाल्यांकडं पाणी नव्हतं. या दोघांमधला रस्ता आजोबांनी आयुष्यभर चालून काढला. म्हणजे बघा, रान होतं, गुरं होती, बाजार होता. कुंपण आणि खरेदीखत एवढंच नव्हतं.

मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालो आणि नोकरी मिळेपर्यंत जनावरांच्या एका बाजारात पावत्या लिहिल्या. हे काम मला आजही अभिमानाचं वाटतं. सौदा तर टॉवेलाखाली होई. घेणारा आणि हेडी एकमेकांची बोटं दाबत, वर दोघांचे चेहरे मात्र एकादशीच्या कीर्तनाला बसल्यासारखे! एका बोटाला शंभर की हजार ते त्या दोघांनाच माहीत. सौदा तुटला की ते माझ्याकडं येत आणि मी जनावराचं वर्णन लिहून घेई. रंग कोसा की पांढरा, शिंग कसं, शेपटीचा गोंडा काळा की पांढरा, कपाळावर भवरा आहे का, दात किती. दोनदाती, चारदाती, जुळलेला. एका ओळीत असं लिहायचं, की चोरीचा खटला उभा राहिला तर हजार बैलांतून तोच बैल ओळखता यावा. नंतर मी कविता लिहायला लागलो तेव्हा लोक विचारत, गुरू कोण? मी थोर कवींची नावं सांगत असे. खरा गुरू ते पावतीपुस्तक होतं.

आता शिकारीच्या जमिनीकडं येतो. पुतण्यानं मला तिथली पद्धत सांगितली. टेक्सासमध्ये बहुतेक जमीन खासगी आहे. रानातलं हरीण कायद्यानं सरकारचं, पण त्याच्यापर्यंत पोचायचं फाटक मालकाचं. म्हणून लोक शिकारीच्या हंगामासाठी जमीन भाड्यानं घेतात. गुरांत खोट आली तरी हरणांवर रान चालतं.

आपल्या माळावरही शिकार होती. कोल्हापूरचे शाहू महाराज पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरवीत, हे वाचलेलं असेल. पण ती झाली राजेलोकांची शिकार. आमच्या घरात ऐकलेली गोष्ट फासेपारध्यांची. आजोबांच्या वाटेवर त्यांची पालं पडलेली असत. त्यांच्यातल्या काहींना गायपारधी म्हणत, कारण ते शिकवून तयार केलेल्या गाईच्या आडून शिकार करीत. गाय चरत चरत पुढं सरके, तिच्या पोटाआड पारधी. तित्तराला वाटे, गायच आहे, आपल्याला काय! गाय आणि शिकार एका दोरीला बांधलेली मी दुसरीकडं कुठं ऐकली नाही. पारधी तित्तर जिवंत धरून आजोबांकडं आणीत, कारण मुलाण्याच्या घरी मेलेलं पाखरू चालत नाही हे त्यांना ठाऊक होतं. दोन तित्तरांच्या बदल्यात बाजरी जाई.

या पारध्यांचं काय झालं? इंग्रजांनी 1871 साली कायदा करून कितीतरी फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांच्यात हेही धरले गेले. सोलापुरात अशा लोकांना कोंडायला काटेरी तारेच्या आत वसाहत केली. तिचं 'सेटलमेंट' हे नाव शहराच्या तोंडी अजून आहे. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला. आता योगायोग पाहा. काटेरी तारेचं पेटंट 1874 साली अमेरिकेत जोसेफ ग्लिडन नावाच्या शेतकऱ्यानं घेतलं आणि त्या तारेनं तिथली मोकळी कुरणं बांधली गेली. तिथं तारेच्या आत गुरं राहिली. इथं तारेच्या आत माळावरची माणसं कोंडली आणि माळ बाहेर उघडा राहिला.

व्यंकटेश माडगूळकरांना या माळाचा शिकारी आणि साक्षीदार दोन्ही म्हणता येईल. माडगूळ आटपाडीजवळचं, आणि आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. तरुणपणी त्यांना शिकारीचा नाद होता, पुढं बंदूक सुटली आणि बघणं राहिलं. पुण्याच्या आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात त्यांनी अनेक वर्षं काम केलं, म्हणून या माध्यमातून त्यांचं नाव घेताना मला थोडं घरचं वाटतं. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकार संपली. निदान कागदावर.

माळावर मग दुसरं कुंपण आलं, माळढोकाचं. 1979 साली नान्नज धरून सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत 8496 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं आली, तालुक्यांची ठिकाणं आली. पट्ट्यातल्या जमिनींचे व्यवहार वर्षानुवर्षं अडकले आणि लोक त्या गरीब पक्ष्याला शिव्या देऊ लागले. पुढं हे क्षेत्र कमी करून 1222 चौरस किलोमीटरवर आणलं. पण माळढोक त्याआधीच निघून चालला होता. आता तो आपल्याकडं जवळजवळ नावालाच आहे. त्याला झाड नको होतं, पाणी नको होतं. उघडा माळ हवा होता, जो आपल्याला ओसाड दिसतो.

श्रोतेहो, आता गायरानाकडं वळतो. इथं माझी जीभ थोडी अडखळेल, कारण प्रकरण घरातलं आहे.

माझी खाला, म्हणजे आईची धाकटी बहीण, माणच्या बाजूला एका गावात राहते. खालूजान हयात असताना ते दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. स्वतःची जमीन एक गुंठाही नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी गावातल्या दहा-बारा भूमिहीन घरांनी गायरानाच्या कडेला छपरं टाकली. कुणी हटकलं नाही. छपराची माळवदं झाली, माळवदाचं पत्र्याचं घर झालं. वीज आली, घरपट्टीची पावती आली. त्याच गायरानात पुढं शाळा झाली, पाण्याची टाकी झाली, एसटीचा थांबा झाला. एका बाजूनं बड्या शेतकऱ्यानं आपला बांध दरवर्षी हातभर पुढं सरकवला, त्याला मात्र अतिक्रमण म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. राहिलेल्या तुकड्यावर वेडी बाभळ माजली.

28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की गावाच्या सामाईक जमिनी गावाच्याच राहिल्या पाहिजेत, अतिक्रमणं काढा. तो वाचून मला आनंद झाला होता. मी एका कार्यक्रमात गायरानावर कविताही वाचली, टाळ्या मिळाल्या. मग 2022 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं हाच विषय हाती घेतला. राज्यात गायरानांवर सुमारे दोन लाख 22 हजार बांधकामं असल्याचा आकडा पुढं आला. गावोगावी नोटिसा निघाल्या. त्यातली एक खालाच्या दारावर चिकटली.

तिचा फोन आला. ''तू शिकलेला हाईस. ह्यात काय लिवलंय वाच.'' मी वाचून दाखवलं. ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, ''गाईचं रान हाय म्हणत्यात. मग मी कुणाचं रान खाल्लं रं?''

मला उत्तर देता आलं नाही. माझी कविता गाईच्या बाजूची होती, आणि खाला दुसऱ्या बाजूला उभी होती. 1959 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, 1964 ला पुन्हा केला, तेव्हा मागणी हीच होती, की पडीक आणि सरकारी जमीन ज्याला काहीच नाही त्याला कसायला द्या. ती मागणी चुकीची होती असं मी म्हणू शकत नाही. आणि गायरान संपलं म्हणून खिलार संपत चाललं, हेही मला डोळ्यांनी दिसतं. पुढं आरडाओरडा झाला, सरकारनं जरा दमानं घेतलं. नोटीस खालाच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत आहे. 2023 पासून शेतीपंपांच्या विजेसाठी गायरानांवर सौर पट्ट्या बसवायची योजना जोरात आहे. दिवसा वीज शेतकऱ्याला हवीच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण काचेखाली गाय चरत नाही.

दुष्काळात मात्र मी एकदा खरोखरीचं मोठं रान पाहिलं. 2012-13 ला म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चारा छावणी उघडली होती, 2019 ला पुन्हा उघडली. मी दोन्ही वेळा गेलो. हजारो जनावरं रांगांनी बांधलेली, शेजारी शेडनेटखाली त्यांची माणसं. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, शाळेतली पोरं, सगळे महिनोन्महिने तिथंच मुक्कामाला. ऊस आणि पेंड ट्रकमधून येई. तो ऊस आमच्याच पाणीवाल्या पट्ट्यातला. एके काळी माळ आम्हाला बैल देत होता, आता आम्ही माळाला चारा पाठवत होतो. रात्री सगळी गुरं रवंथ करीत बसली की एक आवाज येई. हजारो जबड्यांचा, ओल्या वाळूवरून गाडी जावी तसा. तो आवाज मी विसरू शकत नाही. पाऊस पडला आणि छावणी उठली.

बैलाची गरज तशी आधीच घटली होती. ट्रॅक्टर आला, कारखान्याच्या दारात ऊसगाड्या दिसतात, पण पूर्वीइतक्या नाहीत. 2019 च्या पशुगणनेत देशातली देशी गाईबैलं सात वर्षांत सुमारे सहा टक्क्यांनी घटली आणि संकरित वाढली, असं निघालं. दुधाचा रोख पैसा दर दहा दिवसांनी हातात पडतो, खोंडासाठी तीन वर्षं कोण थांबतो? 2015 साली गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. मुलाण्याच्या मुलानं यावर बोललं, की लोक कान टवकारतात, म्हणून फक्त हिशेबाचं सांगतो. पूर्वी थकलेल्या बैलाचे जे पैसे येत त्यात थोडी भर घालून शेतकरी नवा खोंड घेई. ती साखळी तुटली. माझ्या भावानं शेवटचा बैल दावणीला ठेवून मरेपर्यंत सांभाळला. मेला तेव्हा त्याला शेतात पुरला आणि दुसरा आणला नाही. उलट, डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि पळणाऱ्या खिलार खोंडाची किंमत मोटारगाडीच्या वर गेली. एका खोंडाला मोटारीची किंमत आणि बाकीच्या नऊंना गिऱ्हाईक नाही, हा कसला बाजार, हे आजोबांना विचारायला हवं होतं.

पुतण्याला मी पुन्हा फोन लावला. हे सगळं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, ''चाचा, तुम्हाला एक सांगायचं राहिलंच. त्या जाहिरातीतल्या गायी दिसायला आपल्यासारख्याच आहेत. वशिंड, लोंबती पोळी.'' मग मी जरा वाचन केलं. अमेरिकेतली ब्राह्मन नावाची जात गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची जनावरं यांच्यापासून तयार झालेली आहे. टेक्सासच्या प्रसिद्ध किंग रँचनं त्याच ब्राह्मनचा इंग्लिश शॉर्टहॉर्नशी संकर करून सांता गर्ट्रुडिस ही जात बनवली. तिला 1940 साली मान्यता मिळाली. उष्ण हवा आणि गोचीड सोसण्याची ताकद त्यांना आपल्या रक्तातून मिळाली. म्हणजे सांगली-बेळगावच्या नदीकाठच्या एखाद्या गाईची खापरपणती त्या विकाऊ रानात चरत असेल, आणि तिच्यासकट सौदा होईल.

मागच्या महिन्यात खालाकडं गेलो होतो. गायरानावर आता चरणारं जनावर एकच, खालाची खिलार गाय. तीही चरत नाही. दाराला बांधलेली असते, विकतच्या कडब्यावर. मी खालाला ही टेक्सासची सगळी हकिकत सांगितली. गुरं, हरणं, कुंपण, किंमत. तिनं गाईपुढं पेंडी सोडता सोडता ऐकून घेतलं.

''एवढं रान एकाच मानसाचं?''

''एकाचंच.''

''मग त्या गावातली बाकीची मानसं गुरं कुठं चारत्यात?''

मी म्हटलं, पुतण्याला विचारून सांगतो.